धुरावरचं पान

मार्गशीर्ष उलटत आला तरी शिवारात वांग्याच्या भरताचा धूर दिसला नाही, तेव्हा गावाची खात्री पटली की दिवस खरोखरच वाईट आले आहेत. तसं वर्तमानपत्रात आधीच छापून आलं होतं. पण वर्तमानपत्रात दिवस चांगले आल्याचंही छापून येतं, त्यामुळे त्यावर कोणी विसंबत नाही.

सावद्याकडचा व्यापारी केळीच्या बागेकडे फिरकत नव्हता. घड झाडावरच पिवळे पडत होते. सुरुवातीला लोकांनी केळी गुरांना घातली. मग गुरांनी तोंड फिरवलं. शेवटी बकऱ्या उरल्या, तर त्याही केळीचा वास आला की दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागल्या. कापणीच्या टोळीतली माणसं सवयीनं सकाळी पारावर येऊन बसत, विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत, आणि ऊन वर आलं की घरी जात.

समाधान त्यांतलाच एक. घड वाहून वाहून त्याच्या मानेमागं घट्ट्याची उशी तयार झाली होती. काम नसल्यामुळे तो दिवसभर त्या उशीवरून हात फिरवत ओट्यावर बसे. त्याचे वडील झुलालआबा भरीत करणारे. सबंध हिवाळा शेताशेतातून त्यांना बोलावणी असत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळात भाजलेलं वांगं ते उघड्या हातानं उचलत. तळव्याची कातडी इतकी जाड झाली होती की चहाचा कप गरम आहे की गार, हे त्यांना ओठ लावल्यावरच कळे. त्यांची बायको भागाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची. यंदा आबांची भरीत ठेचायची लाकडी बडगी घराच्या कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्यात कोंबडी अंडं घालू लागली होती.

भरताचा गावात एक रिवाज होता. शेतात भरीत असलं आणि धूर बघून कोणी बांधावर येऊन उभं राहिलं, तर शेताच्या मालकानं स्वतः उठून त्याला आत आणायचं, आणि बोलावलेल्या पाहुण्यांच्या आधी त्याचं पान मांडायचं. आलेल्यानं मागायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. याला धुरावरचं पान म्हणत. मालकानं हाक मारली नाही तर पुढच्या साली त्या शेतात पिकत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. शेतीचं एकूण जे चाललं होतं ते पाहता, मागं बऱ्याच जणांनी हाक मारली नसावी.

अशा दिवसांत सरपंच हितेंद्रभाऊंनी ग्रामसभा बोलावली.

सभा शाळेच्या मैदानात होती. भाऊ नव्या गाडीतून आले. गाडी पांढरी, घराएवढी, आणि तिच्या छताला खिडकी होती. ती कशासाठी असते हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. मागच्या लोकांना दिसावं म्हणून भाऊ त्या खिडकीतून कमरेपर्यंत वर आले आणि तिथूनच बोलले. विहिरीच्या मोटारीचं वीजबिल थकलं आहे, म्हणून नळ आता चौथ्या दिवशी येईल. दिवाबत्ती अर्धी राहील. पाणी सोडणाऱ्या पुनाचा पगार थोडा पुढं जाईल. काळ कठीण आहे. प्रत्येकानं काटकसर केली पाहिजे.

पुना पहिल्या रांगेतच बसला होता. आपला पगार पुढं गेला हे त्याला सगळ्यांबरोबरच कळलं.

"गाडी मातर झ्याक घेतली, भाऊ," मागून कोणीतरी म्हणालं.

"ती माझ्या कमाईची आहे," भाऊ वरून म्हणाले. "ग्रामपंचायतीचा एक छदाम नाही तिच्यात. माझ्या पैशाचं मी काय करावं, हा सभेचा विषय होऊ शकत नाही."

हे खरंच होतं. भाऊंची बाग मोठी, जुनी, बापजाद्यांची. खऱ्यापुढं सभा काय बोलणार?

तेव्हा बायकांतून रत्ना उठली. रत्ना म्हणजे समाधानची बायको, झुलालआबांची सून. माहेर धुळ्याकडचं, शिंदखेड्याजवळचं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिची अहिराणी गेली नव्हती, आणि ती बोलू लागली की गाव आधी हसायचं आणि मग ऐकायचं.

"भाऊ," ती म्हणाली, "गाडी तुम्हनी शे, पैसा तुम्हना शे, आम्हनं काय जास नही. पन काटकसर करा सांगतस ना, तवय गाडीमाईन खाले उतरीसन तरी सांगा."

गाव हसलं. या वेळी ऐकून झाल्यावर हसलं. छतातून अर्धे बाहेर आलेले भाऊ आत बसावं की आणखी वर यावं हे न कळून तसेच राहिले. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ते तसेच टिपले गेले.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मुक्ताईनगरला पोचला होता. दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याहून रत्नाच्या आईचा फोन आला. ती रडत होती. लेक मोबाइलमध्ये दिसली म्हणून रडतेय की आता तिचं कसं होणार म्हणून, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं.

घरात समाधान ताटावर बसला होता तो बोलला.

"कापनी सुरू झाली की कोनाच्या बागेत जायचं मी? अख्ख्या शिवारात पहिली कापनी त्याची असते. तुले उठायलेच सांगतलं व्हतं कोनी?"

"कोनी नही," रत्ना म्हणाली. "पाय दुखी राहिनथात. उठनू तं बोली गऊ."

"पाय दुखले तं घरी यायचं, वं माय," भागाबाई म्हणाली. "आपन त्याच्या बांधावरनं चालतो. बोलनं खोटं नव्हतं, पन खरं बोलायले सवताचा बांध लागतो."

झुलालआबा भाकरीचा पापुद्रा काढत होते. तो निघाल्यावर त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग खाल्ला.

चारेक दिवस गेले असतील. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आणि भाऊ चालत आले. त्या सभेपासून भाऊ कोणाशीही बोलायचं तर गाडीतून उतरत. रस्त्यात आडवी बसलेली म्हैस उठवायची असली तरी आधी उतरत, मग म्हशीशी बोलत. त्यामुळे त्यांना सगळीकडे पोचायला उशीर होऊ लागला होता.

"आबा, भरीत करायचं हाये," ते ओट्यावर टेकत म्हणाले. सभेबाहेर त्यांची भाषा गावाचीच होती. "तालुक्याचे साहेब लोक येतीन. गाडीची पार्टी त्यायले कबूल केलेली हाये, मागं सरता येत नाही. शंभर पानं धरा."

आबांनी मान हलवली. आत भागाबाईनं बडगीतली कोंबडी हुसकली.

"पन साधेपनानं," भाऊ पुढं म्हणाले. "मांडव नको, भोंगा नको. गावात बोलायचं नाही. बागेच्या पार मधी करू, चहूकडून केयी हाये, रस्त्यावरून दिसत नाही. आनि आबा, धूर नको."

"धूर?"

"गॅसच्या शेगड्या आनतो मी. धूर झाला म्हंजे बठ्ठ्या गावाले कयलं. पुन्हा मोबाइल निंघतीन."

साधेपणा भाऊंच्या अंगी खरोखरच भिनला होता. इतका, की तो कोणाच्या नजरेला पडू नये अशी त्यांची इच्छा होती.

"गॅसवर भरीत होत नाही, भाऊ. भाजी व्हते."

"होते तशी होऊ द्या." भाऊंनी इकडं तिकडं पाहिलं. "दुसरं असं, की सूनबाई बागेत नको. आनि एक लहानसा व्हिडिओ करून द्यायचा तिनं. माझं चुकलं, एवढंच. कापनीची टोळी मी दोन हप्त्यात लावू राह्यलो, समाधानचं नाव पहिलं टाकतो." मग जरा थांबून, दुखरं बोट दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "आबा, मले एक सांगा. मी खर्च केला तं तुमाले काम भेटते ना? नाही केला तं लोक म्हनतीन, एवढा पैसा आन् भरीतबी घालत नाही. मानसानं करायचं काय?"

गेल्या महिन्याभरात भाऊंशिवाय कोणी आबांना कामाला बोलावलं नव्हतं, हेही खरंच होतं. भाऊंच्या बाजूनं नेहमी काहीतरी खरं असे, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं कठीण जाई.

"करतो," आबा म्हणाले.

भाऊ गेल्यावर रत्ना आतून बडगी घेऊन आली आणि ओट्यावर आडवी करून नारळाच्या शेंडीनं घासू लागली. नळ परवा येऊन गेला होता. पाणी माठातून वाटीवाटीनं घ्यावं लागत होतं. आबा शेजारी बसून मुसळीचं टोक तासत होते.

"आबा, मी सांगी देस चुकनं म्हनीसन," रत्ना खाली बघत म्हणाली. "तेम्हा काय शे? तोंडनी वाफ. काम ऱ्हावाले पाहिजे."

"चुकलं काय तुह्यं?"

ती घासायची थांबली. विचार करू लागली. तिनं खरोखरच शोधलं, पण सापडलं नसावं.

"माले काय म्हाईत? देखनं पडी."

"मंग सापडल्यावर सांग," आबा म्हणाले. "भरीत होऊ दे. चूक काय पयून जात नाही."

समाधान आतून ऐकत होता. तो बाहेर आला, रत्नाच्या हातातली बडगी घेतली, आणि स्वतः घासू लागला. मानेमागची उशी हलत राहिली.

ठरल्या दिवशी सकाळीच वांगी आली. हिरवी, पांढरट, लहान पोराच्या डोक्याएवढी, पोत्यांमागून पोती. शंभर पानांना लागतात त्याच्या दुपटीनं. साधेपणा सांगताना भाऊंनी वांग्यांबद्दल काही म्हटलं नव्हतं. बागेच्या मधोमध घडांच्या वजनानं झाडं पडून एक मोकळी जागा झाली होती. तिथं गॅसच्या शेगड्या मांडल्या. गाडीही आत आणून उभी केली होती, आणि पाहुणे यायच्या आत तिच्यावरची धूळ काढता यावी म्हणून शेजारी पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं होतं. भागाबाईनं एका कडेला चूल मांडून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. समाधाननं पानं कापून आणली. रत्ना घरी होती.

आबांनी वांग्यांना काडीनं टोचे मारले, तेलाचा हात फिरवला आणि शेगडीवर ठेवली. निळी ज्योत फुरफुरत राहिली. साल एका जागी जळलं, दुसऱ्या जागी हिरवंच राहिलं. आबांनी तसंच सोललं, बडगीत घातलं, ठेचलं. भागाबाईनं मिरची-लसणाची फोडणी दिली, कांद्याची पात टाकली. चवीपुरतं थोडंसं पानावर घेऊन आबा गाडीपाशी गेले.

भाऊ गाडीत बसून फोन लावत होते. बराच वेळ लावत होते. पान दिसल्यावर ते खाली उतरले, घास घेतला, आणि त्यांचा चेहरा लहानपणी परीक्षेत नापास झाल्यावर झाला असेल तसा झाला.

"आबा, हे काय हाये?"

"साधेपना," आबा म्हणाले.

भाऊंनी घास केळीच्या बुंध्याशी थुंकला. माणूस शेवटी गावचाच होता. त्याला निवडणुकीत पडणं सहन झालं असतं, गाडी विकणंही कदाचित जमलं असतं, पण आपल्या बागेत परगावच्या माणसाला असलं भरीत वाढणं जमणार नव्हतं. साहेब लोक उद्या सावद्यात काय सांगतील? भाऊंच्या आजाच्या हातचं भरीत खाल्लेली माणसं अजून जिवंत होती.

त्यांनी एकदा वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेटवा पऱ्हाटी. धूर काय, केयीतच जिरून जाईन."

बांधाला रचलेली पऱ्हाटीची गंजी समाधाननं ओढून आणली. जाळ पेटला. वांगी तडतडू लागली, साल आक्रसलं, रस जाळावर ठिबकून चुर्र होऊ लागला. आबांचे हात जाळात जाऊ-येऊ लागले, आणि कित्येक दिवसांनी त्यांची पाठ सरळ झाली.

धूर मात्र जिरला नाही. थंडीत धूर वर चढत नाही, हे भाऊंना माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी ते भुकेलेले होते. सातपुड्याकडून वारं सुटलं होतं. धूर केळीच्या ओळीओळींतून, पाटात पाणी सोडल्यासारखा, जमिनीसरपट निघाला आणि सरळ गावात गेला. घरोघरी गेला. चौथ्या दिवशीच्या नळापेक्षा बरा पोचला.

तिकडं साहेब लोक येत नव्हते. फोनवर एकाला मीटिंग निघाली, एकाची तब्येत बिघडली. एकानं मात्र खरं सांगितलं: "भाऊ, सध्या तुमच्याकडे जेवताना फोटो निघाला तर बरं दिसणार नाही." शेवटी एक जीप आली. तिच्यातून फक्त ड्रायव्हर उतरला. त्याच्या हातात चार पुडांचा डबा होता.

"साहेबांनी सांगितलंय, यायला जमणार नाही. पण भरून द्या."

भाऊंनी डबा भरून दिला. जीप गेली. बडगीशेजारी पातेली भरून भरीत, टोपलीत कळण्याच्या भाकरींची थप्पी, आणि मांडायची राहिलेली शंभर हिरवी पानं. भाऊ गाडीत जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यात समाधान हळूच म्हणाला, "आबा, बांधावर बघा."

बांधावर पुना उभा होता. हात पुढं बांधून, डोळे जमिनीकडे, रिवाजाप्रमाणे. त्याच्यामागं पाणंदीतून दोन म्हाताऱ्या आल्या आणि उभ्या राहिल्या. मग कापणीच्या टोळीतली माणसं आली. मग बायका. कोणी बोलत नव्हतं. मोबाइलही कोणी काढला नव्हता. बांध भरत गेला. आणि सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावरचा पदर दातात धरून, रत्ना येऊन उभी राहिली.

भागाबाईच्या हातातली भाकरी थापायची राहिली. "ही कायले आली, वं माय!"

"धूर तिलेबी दिसला असंन," आबा म्हणाले.

समाधाननं बापाकडे पाहिलं. आबांनी बडगीवरचा हात काढला. त्यांना आता करण्यासारखं काही नव्हतं. पान मांडायचं ते मांडतील, वाढायचं ते वाढतील, पण हाक मारायची ती मालकानंच. आणि भाऊंनी नुसतं बसून राहिलं तरी पुरे होतं. काच वर होती. अंधार पडेपर्यंत बसले असते तर लोक आले तसे निघून गेले असते, समाधानचं नाव टोळीतून गेलं असतं, आणि पुढं सगळं नेहमीसारखं चाललं असतं. हाक न मारणारे ते काही पहिले ठरले नसते.

वारं पडलं. केळीची फाटकी पानं हलायची थांबली. पांढऱ्या गाडीवर पऱ्हाटीची राख बारीक बारीक पडत होती.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. भाऊ उतरले. चिखलातून बूट सांभाळत बांधापर्यंत गेले. तिथं त्यांना भाषण सुचलं असावं, कारण त्यांनी घसा साफ केला. पण समोर सगळे खाली बघत उभे होते, आणि खाली बघणाऱ्या माणसांपुढं भाषण करता येत नाही.

"पुनाभाऊ, या," ते म्हणाले. "अक्का, चाला. या, बठ्ठे या." ते एकेकाला हाक मारत गेले. रत्नापाशी आले तेव्हा जरा थांबले. समाधानच्या हातातलं पान तिथंच राहिलं.

"वहिनी, पान मांडलं हाये," भाऊ म्हणाले.

पंगत केळीच्या सावलीत बसली. आबांनी वाढलं, समाधाननं वाढलं, आणि दोघांचे हात पुरेनात तेव्हा भाऊंनी भाकरीची टोपली उचलली. पहिल्यांदा ते हसून वाढत होते. कोणी पाहत नाही असं लक्षात आल्यावर नीट वाढू लागले. लोक जेवत होते, बोलत नव्हते. एका म्हातारीनं तेवढं म्हटलं, "मीठ बरोबर हाये," आणि आबांनी मान खाली घातली.

जेवणं झाल्यावर हात कुठं धुवायचे, हा प्रश्न आला. लोकांनी इकडं तिकडं पाहिलं आणि गाडीशेजारचं पिंप त्यांना दिसलं. एकेकजण जाऊन तांब्या बुडवू लागला. पुना बाजूला उभा राहून, सवयीनं, पाणी जास्त सांडू नका म्हणून सांगत होता. पिंपाचा तळ दिसू लागला. भाऊ गाडीवरच्या राखेकडे बघत उभे होते.

रत्ना पदराला हात पुसत त्यांच्यापुढं आली.

"भाऊ, तो व्हिडिओ."

"राहू द्या आता," भाऊ म्हणाले.

"नही. आबानी कबूल करेल व्हतं. काढा मोबाइल."

"पाहू ना मंग."

"काढा."

भाऊंनी मोबाइल काढला. ती ताठ उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी. भागाबाईनं राखेचा हात कपाळाला लावला.

"मी रत्ना समाधान," ती म्हणाली. "मी सांगेल व्हतं, काटकसर सांगानी तं गाडीमाईन उतरीसन सांगा. माले वाटे, भाऊ काय उतरतीन नही. मन्हं चुकनं. आज भाऊ उतरनात."

एवढं बोलून ती भांडी गोळा करायला गेली.

भाऊंनी तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. लोक पांगले, चुलीतले निखारे विझत आले, तरी ते मोबाइल हातात धरून उभे होते. शेवटी बडगी खरवडणाऱ्या आबांपाशी येऊन त्यांनी विचारलं, "आबा, हे मले चांगलं म्हनली का वाईट?"

"भरीत कसं झालं व्हतं?"

"एक नंबर."

"मंग झालं," आबा म्हणाले.

तो व्हिडिओ भाऊंनी कोणाला पाठवला नाही, आणि पुसलाही नाही.

घराकडे निघताना समाधाननं बडगी मानेमागच्या उशीवर घेतली. घडांइतकी जड नव्हती, पण काहीतरी वाहायला मिळाल्यानं त्याची चाल सुधारली. कापणीचं नाव पहिलं लागणार की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं आणि भाऊंनीही सांगितलं नव्हतं. पाणंदीनं आबा पुढं, मग समाधान, मागं दोघी बायका.

"बडगी आजच धुवाले पाहिजे," रत्ना म्हणाली. "नहीतं वास लागी."

"पानी कुठं हाये?" भागाबाई म्हणाली. "उद्या नळ येईन, उद्या धुवू."

पुना मागून येत होता. त्यानं ते ऐकलं.

"उद्या नाही, अक्का," तो म्हणाला. "परवा."